लॉनमधल्या मुंग्या: औषधाआधी पाण्याचा पाइप

फेब्रुवारी सरत आला की लॉनमध्ये भुरभुरीत मातीच्या ढिगुल्या उठायला लागतात आणि पहिला फोन जातो तो पेस्ट कंट्रोलवाल्याला. तो फोन आठवडाभर लांबवा. त्या आठवड्यात नेमकं काय बघायचं आणि काय करायचं, ते इथं लिहितोय.

मुंग्या गवत खात नाहीत. मुळंही खात नाहीत. नुकसान होतं ते त्यांच्या खोदकामानं. मुळांभोवतीची माती उकरून वर टाकली की मुळं पोकळीत लोंबत राहतात आणि तेवढा तुकडा पाणी मिळूनही पिवळा पडतो. वर आलेली माती पात्यांवर बसते आणि तिच्याखाली बुटकं गवत गुदमरतं. शिवाय गवताच्या बुंध्याशी पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी, पिठासारखी कीड) असला तर मुंग्या त्याची राखण करतात, कारण त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा हे त्यांचं खाणं. आता दुसरी बाजू. याच मुंग्या मुळं खाणाऱ्या हुमणीची अंडी आणि कोवळ्या अळ्या पळवतात. हुमणी काय चीज आहे हे ऊसवाल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. त्यामुळं लॉनमधली प्रत्येक मुंगी मारायची हा नाद खुळाच. पायाला डसणारी, दाराशी वारूळ करणारी आणि पिठ्या पाळणारी, एवढ्यांचाच बंदोबस्त करायचा.

ढिगुली नेमकी कुणाची

औषध आणण्याआधी हे ओळखा, कारण निम्म्या वेळा आरोपी दुसराच असतो.

कोरडी, रव्यासारखी सुटी माती आणि मधोमध भोक असेल तर ती मुंगीची. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, ओल्या चिकट गोळ्यांचे ढीग दिसले तर ती गांडुळांची विष्ठा. तिला हातही लावू नका, फुकटचं खत आहे. गवत वाळलंय आणि वाळक्या काड्यांवर मातीचा पापुद्रा चढलाय, खरवडला की आत पांढुरके मऊ किडे पळतात, ही वाळवी. तिचा इलाज वेगळा. गवताचा तुकडा चटईसारखा अलगद उचलला जातोय आणि साळुंक्या, कावळे सारखे तिथंच चोची मारतायत, तर खाली हुमणी आहे. शंका असेल तर फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन सहा इंच खोल उकरा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या निघाल्या तर मुंग्यांचा विषय बाजूला ठेवून आधी त्यांच्या मागं लागा.

मुंग्यांचीच ढिगुली ठरली तर पुढचा प्रश्न जातीचा. शास्त्रीय नावाची गरज नाही, वागणं बघितलं तरी पुरतं. मोठा काळा डोंगळा बहुतेक झाडाच्या बुंध्याशी, कुंपणाच्या पायाशी राहतो. जास्वंदीवर मावा असला की त्याची ये-जा वाढते. तो लॉनचं फारसं काही बिघडवत नाही. भोकाभोवती गवताच्या बियांच्या टरफलांचं कडं दिसलं तर त्या दाणे साठवणाऱ्या मुंग्या. गवत बियांवर येऊ न देता वेळेवर कापलं की त्यांचं लॉनमधलं धान्य संपतं. तिसरी तांबडी मुंगी. एकाच वारुळात बारीक आणि मोठ्या डोक्याच्या अशा दोन्ही मापांच्या मुंग्या असतात, ढिगुलीला काडी लावली की झुंडीनं वर चढतात आणि डसतात. डसलेल्या जागी आग होते, कधीकधी दुसऱ्या दिवशी पुटकुळी येते. खरी मोहीम हिच्याविरुद्ध. हिच्या वारुळाजवळ अनवाणी जायचं नाही, आणि डसल्यावर कुणाला अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती लेप लावत न बसता थेट दवाखाना.

मुंग्या इथंच का आल्या

मुंगीला घरटं करायला चार गोष्टी लागतात: कोरडी जमीन, ऊन, सुटी माती आणि पाण्याचा निचरा. नव्या प्लॉटवरचं लॉन तिला या चारही आयत्या देतं. प्लॉटवर मुरूम पसरून भर केलेली असते, वर तीन-चार इंच लाल माती आणि त्यावर मेक्सिकन किंवा सिलेक्शन वन या जातीच्या गवताचं कार्पेट अंथरलेलं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाइप फिरवला की वरची इंचभर माती ओली होते आणि खाली सगळं कोरडं ठणठणीत राहतं. मुळं वरच्या इंचातच फिरत राहतात, खालचा कोरडा थर मुंग्यांना मोकळा. कोल्हापुरात कसबा बावड्याकडच्या काळ्या मातीत वेगळीच गंमत: उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या भेगा म्हणजे आयते बोगदे.

दुसरं कारण आपण आपल्या हातानं तयार करतो. एप्रिलमध्ये लॉन अगदी बारीक, खरडून कापायची हौस. गवताची सावली गेली की माती तापते, सुकते आणि ढिगुल्या वाढतात. उन्हाळ्यात पात्याची उंची ४० मिलिमीटरच्या खाली आणू नका, आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका.

तिसरं कारण खास आपल्याकडचं, गूळ. जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) करताना गूळ आणि बेसन घालतात. ते नीट न मुरवता, न गाळता, पुरेसं पाणी न मिसळता लॉनवर ओतलं तर गोडाचा आणि डाळीचा अंश गवताच्या बुंध्याशी साठतो. मग गुळाला मुंगळे लागणारच. तीच गत शेंगदाणा पेंडीची. तिच्यात तेल असतं आणि तेलावर टपलेल्या मुंग्यांच्या जाती वेगळ्या. लॉनला पेंडच द्यायची तर निंबोळी पेंड द्या, चौरस मीटरला १०० ग्रॅम, आणि वरून पाणी. तिनं मुंग्या मरतात असं नाही, पण निदान जेवणावळ तरी बसत नाही. अर्धकच्चं शेणखत तर मुळीच नको, त्यातून हुमणी येते.

(घरातली वडीलधारी मंडळी मुंग्यांना पीठ-साखर घालत असतील तर वाद घालू नका. पुण्य कंपाउंडबाहेरच्या झाडाखालीही तेवढंच लागतं, एवढं गोडीत सांगून बघा.)

पाणी, पण मोजून

लॉनला उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी हा किमान हिशेब. एप्रिल-मेच्या कडाक्यात ३५ ते ४०. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. १०० चौरस फूट म्हणजे ९.३ चौरस मीटर, तेव्हा २५ मिलिमीटरसाठी साधारण २३० लिटर. हे रोज थोडंथोडं नाही, आठवड्यातून तीनदा, दर वेळी ७५ ते ८० लिटर. तुमच्या नळाचा वेग किती ते २० लिटरची बादली भरायला लागणाऱ्या सेकंदांवरून काढा. ८० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे शंभर चौरस फुटाला पाच मिनिटं. स्प्रिंकलर असेल तर सरळ उभ्या कडेचे चार डबे लॉनवर ठेवा आणि पट्टीनं पाणी मोजा. चारही डब्यांत सारखं पाणी कधीच येत नाही. ज्या कोपऱ्यातला डबा सर्वांत रिकामा, ढिगुल्या बऱ्याचदा त्याच कोपऱ्यात सापडतात.

पाणी दिल्यावर तासाभरानं लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसा. पाच-सहा इंच सहज गेला तर पाणी पोचलं. दोन-तीन इंचांवर अडला तर माती घट्ट झालीय किंवा खाली मुरूम लागलाय. तिथं बागकामाच्या काट्यानं हातभर अंतरावर तीन-चार इंच खोल भोकं पाडा आणि मग पाणी द्या. वारुळाच्या जागची माती कित्येकदा इतकी सुकलेली असते की पाणी तिच्यावरून घरंगळतं. अशा ठिकाणी १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर भांडी घासायचं लिक्विड टाका, म्हणजे पाणी मातीत धरतं. प्रमाण वाढवलं तर गवताची टोकं जळतात, म्हणून हे संध्याकाळी करा आणि दुसऱ्या सकाळी साध्या पाण्यानं धुऊन काढा.

बिनडसणाऱ्या मुंग्यांना बहुतेक वेळा एवढंच पुरतं. ढिगुली सकाळी कोरडी असताना खराट्यानं पसरवा. ओली असताना अजिबात नाही, चिखल होऊन पात्यांना लेप बसतो. मग ढिगुलीभोवती वीतभर अंतरावर पेन्सिलीएवढ्या जाड सळईनं चार भोकं पाडा, त्यांत आणि मधल्या भोकात मिळून आधी सांगितलेलं साबणपाणी पाचेक लिटर सोडा, लागोपाठ तीन दिवस. ओल टिकली की मुंग्या अंडी-अळ्या उचलून दुसरीकडं बिऱ्हाड हलवतात. दुसरीकडं म्हणजे कधीकधी चार फुटांवरच, म्हणून पाण्याचं वेळापत्रक पूर्ण लॉनला लावायचं, फक्त ढिगुल्यांना नाही.

गवत कापायच्या आधी ढिगुल्या पसरवणं तर सक्तीचं समजा. मशिन ढिगुलीवरून गेली की पातं बोथट होतं, आणि बोथट पात्यानं कापलेलं गवत टोकाला फाटून तपकिरी पडतं. मग लोक त्यालाही रोग समजून फवारतात.

उकळतं पाणीही चालतं, पण त्याची किंमत आहे. एका वारुळाला १० ते १२ लिटर लागतं. राणी खोल असली तर एवढं ओतूनही वारूळ जगतं, आणि त्या जागचं गवत मात्र हमखास भाजतं. फरशीच्या कडेला, गवत नसलेल्या जागी ठीक.

तांबड्या मुंगीसाठी आमिष

फवारणीनं मरतात त्या बाहेर फिरणाऱ्या कामकरी मुंग्या. राणी आत सुखरूप, अंडी घालतेच आहे. चार दिवस शांतता आणि पाचव्या दिवशी पुन्हा रांग, हा अनुभव त्यामुळंच येतो. राणीपर्यंत विष पोचवायचं तर ते मुंग्यांनीच आत न्यायला हवं, आणि नेणारी मुंगी वाटेत मरता कामा नये. आमिषाचं सगळं गणित या शेवटच्या अटीवर आहे.

आधी चव ओळखा. ऊन कलल्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एका टोकाला काकवीचा थेंब आणि दुसऱ्या टोकाला चिमूटभर शेंगदाण्याचा कूट ठेवा. पुठ्ठा रांगेच्या शेजारी ठेवायचा, रांगेत नाही. अर्ध्या तासानं जिथं गर्दी, ते आमिष. वारुळात अळ्या वाढत असतील तर तेला-प्रथिनांची ओढ जास्त असते, म्हणून महिन्याभरानं हीच परीक्षा परत घ्या. उत्तर बदललेलं असू शकतं.

गोड आमिष असं: कोमट पाणी एक लिटर, साखर १०० ग्रॅम, बोरिक ॲसिड १० ग्रॅम. नीट विरघळेपर्यंत ढवळा. म्हणजे बोरिक साधारण एक टक्का. थोडंच करायचं म्हणून १०० मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम बोरिक मोजायला जाऊ नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला एका ग्रॅमचा भरवसा नसतो आणि त्यासाठी गुजरीत सराफाकडंही कुणी जाणार नाही. लिटरभरच करा. साखरेऐवजी काकवी चालते, पण ती लवकर आंबते. बोरिक ॲसिड मेडिकल दुकानातून नाव बघून घ्या. कॅरमची पावडर बोरिकची असेलच असं नाही, काहींत दुसरीच भुकटी असते. टाकणखार (बोरॅक्स) घरात असेल तर तोही चालतो, प्रमाण दीडपट.

आमिष फसतं ते बहुतेक या प्रमाणापाशी. मुंग्या फार आहेत म्हणून चार चमचे जास्त घातले की एकतर मुंग्या तोंड लावत नाहीत, नाहीतर बशीशेजारीच मरून पडतात. ढीगभर मेलेल्या मुंग्या बघून समाधान वाटतं खरं, पण ते आमिष वाया गेलं. एक टक्क्यातलं विष हळू चढतं. मुंगी ते पोटात भरून वारुळात जाते आणि तोंडातोंडी वाटते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत रांग वाढलेली दिसेल, तेव्हा घाबरून फवारा उचलायचा नाही.

तेलकट आमिषाला शेंगदाण्याचा बारीक कूट १०० ग्रॅम, बोरिक ५ ग्रॅम आणि गोळी वळेल एवढं शेंगतेल. इथं बोरिक जास्त का? प्रौढ मुंगीला घट्ट कण गिळता येत नाही, ती फक्त पातळ पदार्थ पोटात घेते. घट्ट कण अळ्यांना भरवले जातात आणि अळ्यांनी पचवून पातळ केलेलं मग इतरांना मिळतं. वाटेत एक टप्पा जास्त, म्हणून वेळही जास्त लागतो. रवा खाऊन मुंगीचं पोट फुगून फुटतं ही समजूतही याच कारणानं खोटी. रवा तिच्या पोटात जातच नाही.

आमिष उघड्यावर मांडू नका. नारळाची करवंटी घ्या, कडेला करंगळी जाईल एवढ्या दोन खाचा पाडा, आत बाटलीच्या झाकणात कापूस ठेवून तो आमिषानं भिजवा आणि करवंटी पालथी घालून वर वीट ठेवा. ऊन लागत नाही, कुत्रं-मांजर तोंड घालत नाही. रांगेच्या कडेनं तीन-चार मीटरला एक करवंटी पुरे. मांडायची वेळ सूर्यास्ताच्या आसपास. कापूस दर दोन दिवसांनी बदला, एप्रिलच्या उन्हात रोज. सुकलेल्या कापसावर मीठ साठल्यासारखं बोरिक साठतं, प्रमाण आपोआप वाढतं आणि मुंग्या पाठ फिरवतात. दोन ते तीन आठवडे सातत्य ठेवा. या काळात आसपास फवारा, मुंग्यांचा खडू, हळद काही नाही. वाट मोडली तर आमिष नेणार कोण? करवंट्यांच्या जागी पाणी बेतानं द्या.

उरलेलं द्रावण लॉनवर कधीही ओतू नका. बोरॉन अगदी थोडं जास्त झालं तरी झाडांना सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. बाटलीवर ठळक चिठ्ठी लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवा, आंबूस वास आला की मोरीत ओता.

जे करू नये

रॉकेल, मीठ, व्हिनेगर: मुंग्या तात्पुरत्या हलतात आणि गवत कायमचं जातं. हळद, दालचिनी: रांग दोन फूट सरकते, एवढंच. खडूची रेघ लादीवर चालेल, गवतावर ओढणार कुठं? डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची पांढरी भुकटी कोरडी असेपर्यंतच काम करते. पाणी दिलं की संपली, म्हणजे लॉनमध्ये तिचा उपयोग जवळपास शून्य.

जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही गॅमेक्झिन म्हणून ठेवलेली पावडर सापडते. ती बीएचसी नावाचं कीटकनाशक, आणि तिच्यावर देशात १९९७ पासून बंदी आहे. शेतातून उरलेलं फोरेट हे दाणेदार कीटकनाशक आणून वारुळात टाकायची पद्धतही आहे. त्याची विक्री २०२० अखेर बंद झाली. ज्या गवतावर पोरं लोळतात तिथं हे असले दाणे म्हणजे मुंगी मारायला तोफ, आणि तोफेचं तोंड आपल्याच घराकडं. उसासाठी घेतलेलं कुठलंही दाणेदार कीटकनाशक उसासाठीच. लेबलवर लॉन लिहिलेलं नसेल तर लॉनवर नाही.

खड्डे भरणं

वारूळ ओस पडलं की खाली पोकळी राहते. टाचेनं दाबून बघा. जमीन बसली तर माती भरा. गाळलेली लाल माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समभाग. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरायची तर आधी धुऊन घ्या, तिच्यातली पूड वाळली की सिमेंटसारखी धरते. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. सगळ्या लॉनवर पसरायचा तर १०० चौरस फुटाला साधारण ४५ लिटर, म्हणजे तीन-चार घमेली. खराट्याच्या पाठीनं आत घालवा, पाणी द्या. मेक्सिकनला तो भाग झाकायला वेळ लागतो, हरळीच्या जातीचं गवत लवकर भरून येतं.

पेव्हर ब्लॉकच्या कडेनं वाळू बाहेर येत असेल तर वारूळ ब्लॉकखाली आहे. तिथं पाणी मुरवून काही होत नाही, आमिषच लावा. मुंग्या गेल्यावर सांधे बारीक वाळूनं भरून झाडून घ्या. आणि शेजारच्या जास्वंदीवरचा पिठ्या काढल्याशिवाय हे सगळं अर्धवट. पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, मग लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलिलिटर साबण घालून पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं परत.

वळीव पडला की दुसऱ्या सकाळी ढिगुल्या एकदम दुप्पट दिसतील. मुंग्या वाढलेल्या नसतात, ओली माती खणायला सोपी झालेली असते. त्याच सुमारास संध्याकाळी पंखवाले किडे दिव्यावर येतील. एक हातात धरून बघा: कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मोठे असतील तर मुंगी, कंबर जाड आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी, आणि मग लॉन सोडून आधी दाराच्या चौकटी ठोकून बघा. मृगाचा पाऊस लागला की करवंट्या उचलून ठेवा, पावसात आमिष टिकत नाही. ऑक्टोबरमध्ये जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) आली की जिथं रांग दिसेल तिथं पुठ्ठा, काकवी आणि कूट घेऊन पुन्हा चवीची परीक्षा.